खांब कुठला लावताय?

गावच्या घराचं काम काढलं की एक फोन हमखास येतो. तुम्ही ऑफिसात, समोर एक्सेल शीट उघडी, बॉस दोन क्यूबिकल पलीकडे. आणि तिकडून काँट्रॅक्टर विचारतो, ‘‘दादा, समोरचे पिलर साधे ठेवू की रोमन टाकू?’’ मागोमाग मोबाइलवर चार फोटो. एकाच्या डोक्यावर पानांचा गुच्छ, एकाच्या दोन्ही बाजूंना जिलबीसारखे वळसे, एक अगदीच साधा आणि एकात हे सगळं थोडं थोडं. बाबांना विचारावं तर ते म्हणतात, ‘‘तुला आवडेल ते कर. पण रस्त्यावरून बरं दिसू दे.’’ मीटिंगला उशीर होत असतो. तुम्ही टाइप करता, ‘तीन नंबर.’ झालं! घराच्या तोंडावर पुढची पन्नास वर्षं जे उभं राहणार, त्याचा निकाल पन्नास सेकंदांत.

मुंबई-गोवा हायवेवरून लांज्याच्या आसपास गाडी आली की जरा खिडकीबाहेर बघा. आंबा-काजूच्या बागा, तांबडी माती, चिरेखाणी आणि मधूनच एखादा गुलाबी किंवा लिंबू रंगाचा बंगला. पोर्चला दोन गोल खांब, गच्चीला गोटीदार कठडा, दारावर त्रिकोणी मुकुट. लांजेकर माणूस तुम्हाला कौतुकाने सांगेल, की झाशीच्या राणीच्या सासरचे नेवाळकर मूळचे आमच्या तालुक्यातल्या कोट गावचे. घराण्याचा इतिहास आपल्याला तोंडपाठ असतो. घराच्या दारात उभ्या केलेल्या खांबाचं नाव-गाव मात्र कुणी विचारत नाही.

यात हसण्यासारखं काही नाही हं. शहरात तरी काय वेगळं आहे? पवईच्या हिरानंदानी गार्डन्समधून रिक्षाने जाताना जे उंचच उंच खांब आणि कमानी दिसतात, ते ग्रीस-रोमचेच दूरचे नातेवाईक. आर्किटेक्ट हफीझ काँट्रॅक्टर. इन्फोसिसमध्ये ट्रेनिंगला म्हैसूरला गेलेल्यांनी तिथली २००९ साली सुरू झालेली ती अवाढव्य, खांबांच्या रांगांची इमारत पाहिली असेल. तीही त्यांचीच. आपण ज्या इमारतींत नोकरी करतो, ज्यात फ्लॅट घ्यायची स्वप्नं बघतो, त्याच गावाकडे पोचतात. मग निदान ओळख तरी करून घेऊ या.

तीन खांब, तीन स्वभाव

ग्रीकांच्या खांबांचे मुख्य प्रकार तीन. डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन. ओळखायचे कसे? सरळ डोक्याकडे बघायचं.

डोरिक म्हणजे घरातला थोरला भाऊ. जाडजूड, अबोल, नटण्यामुरडण्याची आवड नाही. डोक्यावर उशीसारखा एक गोल आणि त्यावर चौकोनी फरशी, बस्स. मूळ ग्रीक डोरिकला पायाशी बैठकसुद्धा नसते, तो थेट जोत्यावर उभा. आयोनिक सडपातळ. त्याच्या डोक्यावर दोन्हीकडे वळसे, म्हणजे फोटोतली ती जिलबी. त्याला खाली गोल बैठक असते. कोरिंथियन सगळ्यात नटवा. डोक्यावर अकँथस नावाच्या झाडाची पानं टोपलीभर.

या कोरिंथियनची एक गोष्ट व्हिट्रुव्हियस सांगतो. व्हिट्रुव्हियस हा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुतज्ज्ञ. त्याचा बांधकामावरचा दहा भागांचा ग्रंथ आजही उपलब्ध आहे. कोरिंथ शहरातली एक मुलगी लग्नाच्या वयात वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि वरून एक कौल झाकलं. टोपलीखाली अकँथसचं मूळ होतं. वसंतात त्याला पानं फुटली, ती टोपलीच्या कडेने वर चढली आणि कौलाला अडून बाहेर वळली. कॅलिमाकस नावाचा शिल्पकार तिथून चालला होता. त्याने ते पाहिलं आणि तसाच खांब घडवला. खरं-खोटं देव जाणे, पण पुढच्या वेळी कुठल्या लग्नाच्या हॉलमध्ये सोनेरी रंग फासलेली ती पानं दिसली तर ही गोष्ट आठवेल.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर मुंबईकरांना अथेन्सचं तिकीट काढायची गरज नाही. फोर्टमध्ये हॉर्निमन सर्कलसमोर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल आहे. कर्नल थॉमस कूपर यांच्या आराखड्यावरून बांधलेला, १८३३ मध्ये पुरा झालेला. तीस पायऱ्या चढून गेलं की समोर आठ डोरिक खांब. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या दर्शनी बाजूलाही आठच आहेत. तिथे फोटोशूट करणारे पुष्कळ असतात. तुम्ही एखाद्या खांबाला हात लावा, अंगावरच्या उभ्या खाचांवरून बोट फिरवा आणि मग मान वर करून बघा.

वर काय आहे? खांबांच्या डोक्यावर आडवी तुळई, तिला म्हणतात आर्किट्रेव्ह. तिच्यावर एक पट्टा, तो फ्रीझ. त्याच्याही वर बाहेर आलेली कड, ती कॉर्निस. आणि सगळ्यात वर त्रिकोण, तो पेडिमेंट. खालून वर हाच क्रम. लांज्याच्या बंगल्याच्या दारावर तो जो त्रिकोणी मुकुट बसवलाय ना, तो हाच.

पडवीतलं अथेन्स

आता खरी गंमत. हे सगळं ग्रीकांना सुचलं कुठून?

व्हिट्रुव्हियसचं म्हणणं असं, की ही दगडी मंदिरं म्हणजे जुन्या लाकडी इमारतींची नक्कल. आधी खांब लाकडाचे होते, तुळया लाकडाच्या, वासे लाकडाचे. दगडात बांधायची वेळ आली तेव्हा गवंड्यांनी जुनं रूप सोडलं नाही. डोरिक फ्रीझमध्ये ठरावीक अंतरावर तीन उभ्या पट्ट्यांचे चौकोन असतात, त्यांना ट्रायग्लिफ म्हणतात. ती भिंतीबाहेर आलेल्या आडव्या लाकडांची टोकं, असं तो सांगतो. त्यांच्याखाली बारीक दगडी थेंब कोरलेले असतात. अनेक अभ्यासक त्यात लाकूड सांधणाऱ्या खुंट्या पाहतात. दगडाला खुंटीची काय गरज? पण डोळ्यांना सवय झाली होती.

हे वाचल्यावर लांज्यातल्या कुठल्याही जुन्या घराच्या पडवीत जाऊन उभे राहा. खाली जांभ्याचं जोतं. ग्रीक मंदिरही असंच पायऱ्यांच्या जोत्यावर उभं असतं. खांब लाकडाचा. साग, ऐन, फणस, किंजळ, जे रानात होतं ते. त्याच्या पायाशी दगडाचा तळखडा, म्हणजे वाळवी आणि ओल लाकडापर्यंत चढू नये. हीच खांबाची बैठक. खांबाच्या डोक्यावर आडवा लाकडी ठोकळा, तुळईचं वजन रुंद जागेवर घ्यायला. ग्रीक खांबाच्या माथ्याचं कामही नेमकं हेच. त्यावर तुळई, तुळईवर वासे, वाशांची टोकं बाहेर आलेली आणि दुपाखी छपराच्या तोंडाशी आपोआप तयार झालेला त्रिकोण. सापडलं ना पेडिमेंट?

म्हणजे बघा, पार्थेनॉन ज्या लाकडी घराची आठवण दगडात जपून उभं आहे, तसल्या जातीचं घर तुमच्या आजोबांनी बांधलं होतं. ग्रीकांनी इकडून घेतलं किंवा आपण तिकडून, असला दावा मुळीच नाही. लाकूड, वजन आणि पाऊस यांचं गणित जगभर सारखं असतं. त्यामुळे उत्तरंही एकमेकांसारखी येतात.

आपल्याकडेही दगडाने लाकडाची नक्कल केलीच की. लोणावळ्याजवळ कार्ल्याचं लेणं आहे, वीकेंडला निम्मी मुंबई आणि निम्मं पुणं तिथे असतं. डोंगरात कोरलेल्या त्या चैत्यगृहाला छपराची काय गरज? तरी आतल्या अर्धगोल छताला लाकडी फासळ्या लावल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं ते लाकूड अजून तिथे आहे. वजन काडीचं पेलत नाही, पण त्याशिवाय चैत्य ‘चैत्यासारखं’ वाटलं नसतं. आणि तिथल्या खांबांवरच्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे ‘यवन’ही आहेत. आपल्या जुन्या लेखांत हा शब्द मुळात ग्रीकांसाठी वापरला जायचा.

रोमनांनी खांबाला सुट्टी दिली

मग ‘रोमन पिलर’ हे नाव कुठून आलं? रोमनांनी ग्रीकांचे तिन्ही प्रकार उचलले आणि आपले दोन जोडले. टस्कन, म्हणजे डोरिकचा आणखी साधा भाऊ, आणि कंपोझिट, म्हणजे आयोनिकचे वळसे अधिक कोरिंथियनची पानं. काँट्रॅक्टरच्या फोटोतलं ‘सगळं थोडं थोडं’ दोन हजार वर्षं जुनं आहे तर!

पण रोमनांची खरी कमाल कमान, घुमट आणि काँक्रीट यांत होती. दगडाच्या आडव्या तुळईला मर्यादा असते. अंतर वाढलं की ती मधे तडकते. म्हणून ग्रीक खांब जवळजवळ असतात. कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात, त्यामुळे मोठं अंतर पार करता येतं. चुना आणि ज्वालामुखीची राख यांचं काँक्रीट रोमनांना सापडलं, आणि इसवी सन १२६ च्या सुमारास रोममध्ये पँथिऑनचा घुमट उभा राहिला. व्यास जवळजवळ ४३ मीटर, आत एक सळई नाही. वर जाताना काँक्रीट हलकं होत जातं, माथ्याजवळ त्यात हलका सच्छिद्र दगड आहे. मधोमध उघडं भोक आहे. पाऊस आत पडतो आणि जमिनीतल्या छिद्रांतून निघून जातो.

कमानी आणि भिंती वजन घेऊ लागल्यावर खांब मोकळा झाला. रोमनांनी त्याला भिंतीवर अर्धा चिकटवून शोभेला ठेवलं. इसवी सन ८० मध्ये खुलं झालेलं रोमचं कलोझियम बघा. वजन कमानींवर, आणि कमानींच्या मधे अर्धे खांब. खालच्या मजल्यावर डोरिक घाटाचे, त्यावर आयोनिक, त्यावर कोरिंथियन. जड खाली, नाजूक वर. म्हणजे आरसीसीच्या बंगल्याला शोभेचा गोल खांब लावणारा आपला काँट्रॅक्टर एका जुन्या परंपरेत बसतो. फरक इतकाच की रोमनांनी शोभेलाही नियम लावला होता.

फूटपट्टी काढा

तो नियम म्हणजे प्रमाण. व्हिट्रुव्हियस सांगतो, पुरुषाचं पाऊल त्याच्या उंचीच्या एक षष्ठांश असतं, म्हणून डोरिक खांबाची उंची बुंध्याच्या व्यासाच्या सहापट धरली. आयोनिक स्त्रीच्या बांध्यावरून घेतला, म्हणून तो आठपट. वळसे म्हणजे तिच्या केसांच्या बटा आणि उभ्या खाचा म्हणजे वस्त्राच्या चुण्या. पुढे आवड बदलली, खांब आणखी सडपातळ झाले. डोरिक सातपट, आयोनिक नऊपट.

आता आपल्या पोर्चचं गणित. खांब बारा फूट उंच असेल तर सहापटीच्या हिशेबाने डोरिकचा व्यास दोन फूट हवा, आठपटीच्या आयोनिकचा दीड फूट. आणि आपल्याकडे होतं काय? नऊ इंची आरसीसीचा कॉलम, त्याला गोल प्लास्टर, वर साच्यातली पानं. काही बंगल्यांत तर तोच खांब सलग दोन मजले चढतो. वीस फूट उंची, नऊ इंच जाडी, म्हणजे जवळजवळ सत्तावीसपट. हा डोरिकही नाही आणि आयोनिकही नाही, ही पोफळ झाली! आरसीसी मजबूत असतं, पडणार काहीच नाही. पण बघताना ‘काहीतरी चुकतंय’ असं का वाटतं, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. पार्थेनॉनचे खांब साडेदहा मीटरच्या आसपास उंच आणि बुंध्याशी जवळजवळ दोन मीटर जाड. शिवाय मधे किंचित फुगवलेले, कारण अगदी सरळ खांब डोळ्यांना बारीक झाल्यासारखा भासतो.

दुसरी गोष्ट पावसाची. अथेन्समध्ये वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर. ग्रीक छप्पर बसकं असलं तरी चालतं, कोकणातलं उतरतंच हवं. कॉर्निसची कड बाहेर काढलेली असते ती पाणी भिंतीपासून लांब फेकायला. आपण ती चार बोटांची शोभेची पट्टी करतो, खालच्या कडेला पाणी तोडणारी खाचही देत नाही. मग दोन पावसाळ्यांत त्या पट्टीपासून भिंतीवर काळे ओघळ उतरतात आणि पानांच्या गुच्छात शेवाळ. पीओपीची नक्षी बाहेर लावली असेल तर बोलायलाच नको. शोभेचा थर आणि आतला कॉलम यांच्यात फट राहिली तर पाणी तिथे मुरतं, आणि सळईला गंज लागला तर खर्च शोभेच्या कितीतरी पुढे जातो.

मग करायचं काय?

‘जुनं घर जपा’ हे एसीत बसून सांगणं सोपं आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी छप्पर शेकरायला माणूस मिळत नाही, माकडं कौलं फोडतात, आई-बाबांची आता शिडी चढायची वयं नाहीत. त्यांना स्लॅब हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे. रस्त्यावरून घर बरं दिसावं ही इच्छाही खोटी नाही. आयुष्यभर पैसा पैसा जोडणाऱ्या माणसाला घराच्या तोंडावर थोडी मिजास करावीशी वाटली तर काय बिघडलं?

पण यात एक गोष्ट हातातून निसटते. लाकडाच्या खांबाची दगडात नक्कल झाली, दगडाची पुढे सिमेंटमध्ये, आणि आता सिमेंटची पीओपीत. ही नक्कल उभी करण्यासाठी आपण अंगणातून पाडतो तो चक्क अस्सल लाकडी खांब. तो ट्रकवर चढतो, मिळेल त्या भावाला जातो. पुढे अशाच एखाद्या खांबाला पॉलिश होतं आणि तो कुठल्यातरी रिसॉर्टच्या लॉबीत किंवा शहरातल्या महागड्या कॅफेत उभा राहतो. मग आपणच त्याला टेकून कॉफी पितो आणि म्हणतो, काय मस्त अँबियन्स आहे!

म्हणून काँट्रॅक्टरला हो म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा.

एक, हा खांब वजन घेणार आहे की नुसता उभा राहणार? नुसताच असेल तर तो नसला तर चालेल का?

दोन, उंची भागिले जाडी किती? दहाच्या पुढे जात असेल तर गोल नक्षी सोडा आणि साधा चौकोनी खांब ठेवा. साधेपणा कधी वाईट दिसत नाही.

तीन, वरची कड पाणी किती लांब फेकते? खाली खाच आहे का?

चार, जुने खांब कुठे वापरता येतील? मागे स्लॅबचं घर आणि पुढे जुन्या खांबांवर कौलारू पडवी, हे जमतं. वाळवीने पोखरलेला भाग कापून तळखडा थोडा उंच केला तर उरलेला खांब कामाला येतो.

भिंतींसाठी जांभा मिळत असेल तर तो प्लास्टरखाली झाकू नका. खाणीत असताना मऊ, हवा लागली की घट्ट होणारा हा दगड. फ्रान्सिस ब्यूकॅननने १८०७ मध्ये त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं, ते लॅटिनमधल्या विटेसाठीच्या शब्दावरून. रोमनच हवं असेल तर ते नावापुरतं का होईना, आपल्या चिरेखाणीत आहे.

आणि शेवटचं. पडवीतला प्रत्येक खांब कुठल्या झाडाचा, ते झाड कुठल्या रानात होतं, ते कुणी तासलं, हे सांगू शकणारी माणसं घरोघरी आता थोडी उरली आहेत. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा त्यांच्यासोबत अर्धा तास पडवीत बसा आणि विचारून घ्या. घर पाडायचं की ठेवायचं, ते नंतर ठरवा.